ऊस हलण्याआधी चाकांकडे पाहा



दिवाळी झाली, थंडीला सुरुवात झाली आणि उसाच्या पट्ट्यात कारखान्यांचे भोंगे वाजू लागले. तोडणीच्या टोळ्या गावाबाहेर उतरल्या आहेत. आता मार्च-एप्रिलपर्यंत रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिसतील. अशा वेळी एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. ते लिहितात : "माझ्याकडे एक ट्रॅक्टर व चार चाकांच्या दोन ट्रॉल्या आहेत. ट्रॉल्यांच्या आठ टायरांपैकी तीन चांगली आहेत, पाच झिजून गोटा झाली आहेत. हातात पैसे तीन नव्या टायरांपुरतेच आहेत. तीन नवी घ्यावीत की त्याच पैशात पाचही जुन्यांवर रबर चढवून घ्यावे? वाहतुकीचा करार दोन्ही ट्रॉल्यांचा आहे."

प्रश्न नेमका आहे आणि तो अनेकांच्या घरचा आहे. म्हणून आज पिकाची गोष्ट बाजूला ठेवून चाकांविषयी बोलू. पत्राचे उत्तर शेवटी देतो. त्याआधी टायर कसे पारखावे ते पाहिले पाहिजे, नाहीतर उत्तर पटणार नाही.

बैलाची पत्री आणि गाडीचे टायर

बैल घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. हंगामाच्या तोंडावर बैलांना पत्र्या मारून घेतो, कारण डांबरी रस्त्यावर खूर झिजतो व घसरतो हे आपल्याला ठाऊक आहे. टायर घेताना मात्र "अमक्याने हे घेतले, मलाही तेच द्या" एवढ्यावर व्यवहार होतो. टायर ही गाडीची पत्रीच आहे. रस्ता, ऋतू आणि ओझे पाहून ती निवडावी लागते.

बर्फाच्या देशांत ही गोष्ट कायद्यातच घातलेली आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात २००८ पासून हिवाळ्यात गाड्यांना हिवाळी टायर सक्तीचे झाले. सध्या तेथे १ डिसेंबर ते १५ मार्च ही मुदत आहे. साधे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते व त्याची रस्त्यावरची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीत बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. आपल्यापैकी कोणाची मुले तिकडे नोकरीला असतील, त्यांना हे टायर दरवर्षी बदलावे लागतात.

आपल्याकडे बर्फ नाही. निफाडकडे कधी पारा पाच-सहा अंशांवर येतो, पण एरवी आपले रबर थंडीने कडक होण्याइतकी वेळ येत नाही. आपला हिवाळा वेगळ्या रीतीने घसरवतो. पहाटे डांबरावर दव असते. नदीकाठच्या गावांत धुके असते. भिजवणीच्या रानातून निघालेली काळी माती चाकांबरोबर रस्त्यावर येते आणि दवात तिचे लोणी होते. शिवाय ओझे वर्षातले सर्वांत मोठे असते आणि चालवणारा दोन रात्रींचा जागा असतो. म्हणून आपल्याला बर्फाचे टायर नकोत, पण हंगामाचे टायर हवेत.

एका चाकावर किती ओझे?

साधा हिशेब करा. रिकामी ट्रॉली दोन टन धरा व ऊस आठ टन धरा. एकूण दहा टन झाले. चार चाकांवर वाटले तर एका चाकावर अडीच टन येतात. रस्ता एका अंगाला कलला, खड्डा आला किंवा ऊस एकीकडे जास्त रचला गेला, की खालच्या बाजूच्या चाकावर याहून बरेच जास्त येते. आणि आपली रीत अशी, की ट्रॅक्टरला नवे टायर आणि ट्रॉलीला ट्रकने टाकून दिलेले टायर. ओझे ज्याच्या पाठीवर, त्यालाच सर्वांत म्हातारे चाक!

ट्रॉलीचे टायर फुटले तर "पंक्चर काढू" म्हणून भागत नाही. भरलेली ट्रॉली त्या अंगाला बसते, उंच रचलेला ऊस तिकडे ओढ घेतो आणि ट्रॉली कलंडते. कडेने शाळेची मुले जात असतात, मोटारसायकलवर दूधवाला असतो. पुष्कळदा उसावर तोडणी कामगार बाया-माणसे व त्यांची लेकरे बसलेली असतात. भरलेल्या ट्रॉलीवर किंवा ट्रॅक्टर-ट्रॉलीमधल्या दांड्यावर माणूस बसवू नये हे मी दरवर्षी लिहितो, यंदाही लिहितो. त्यांना अड्ड्यावर पोचवायचे असेल तर वेगळी खेप करावी. डिझेल जाईल, पण जीव राहील.

टायरची पारख

टायरच्या बाजूवर बरीच अक्षरे व आकडे असतात. ती बहुधा इंग्रजीत असतात. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला वही-पेन्सिल घेऊन बसवा आणि प्रत्येक चाकावरचे आकडे उतरवून घ्यायला सांगा. त्यातून पुढील गोष्टी कळतात.

पहिली गोष्ट आकार. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर १३.६-२८ असे असेल तर टायरची रुंदी १३.६ इंच आणि ते ज्या लोखंडी चाकावर बसते त्याचा व्यास २८ इंच. आकार बदलायचा असेल तर आधी ट्रॅक्टरची पुस्तिका पाहावी. "हे जरा मोठे बसेल" असे दुकानदार म्हणाला म्हणून मोठे बसवू नये.

दुसरी गोष्ट ताकद. "पीआर"च्या आधी आकडा असतो, जसे ८ किंवा १२ किंवा १६. हा आकडा जितका मोठा तितके टायर जास्त ओझे सोसते, पण त्यात हवाही तितकी जास्त लागते. अनेक टायरांवर जास्तीत जास्त वजन व त्यासाठी लागणारी हवा स्पष्ट छापलेली असते. मघाचा अडीच टनांचा हिशेब या आकड्याशी ताडून पाहा. आकडा कमी पडत असेल तर टायर नवे असले तरी ते तुमच्या कामाचे नाही.

तिसरी गोष्ट वेग. ट्रॅक्टरच्या टायरवर ए-६ किंवा ए-८ असे अक्षर आढळते. ए-६ म्हणजे ताशी ३० किलोमीटर आणि ए-८ म्हणजे ताशी ४० किलोमीटरपर्यंत. त्यापुढे ते टायर पळवण्यासाठी केलेलेच नाही. रिकामी ट्रॉली घेऊन परतताना मुले जी शर्यत लावतात, ती या अक्षराविरुद्ध असते.

चौथी गोष्ट वय. बाजूवर चार आकड्यांचा एक गट असतो. ३५२३ असे असेल तर ते टायर २०२३ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झाले. रबर न वापरताही म्हातारे होते. दुकानातले "नवे" टायर चार-पाच वर्षे पडून राहिलेले असू शकते. पैसे मोजण्याआधी हे आकडे वाचावेत.

पाचवी गोष्ट झीज. नक्षीच्या खाचेत, तळाशी, लहान उंचवटे असतात आणि ते कोठे आहेत हे दाखवायला कडेला टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायची वेळ झाली. मोटार वाहन नियमांप्रमाणे खाच १.६ मिलिमीटरहून कमी नसावी. दुचाकी व तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. दूध घालायला पहाटे निघणाऱ्या मुलाच्या मोटारसायकलचे मागचे टायरही याच वेळी पाहून घ्या.

शेवटी हात फिरवून पाहा. कोठे फुगा आला आहे का? बाजूला खोल चिरा आहेत का? आतला दोरा दिसतो का? आत गेटर टाकून वेळ मारून नेली आहे का? यांपैकी काहीही असले तर ते टायर उसाच्या ट्रॉलीला लावू नये. नक्षी कितीही चांगली दिसो, अंग खराब असले की टायर फुटणारच.

रबर चढवलेले टायर घ्यावे का?

घ्यावे, पण पारखून. ज्या टायरचे अंग धड आहे, फुगा नाही, दोरा तुटलेला नाही, त्यावर चांगल्या कारखान्यातून नवे रबर चढवले तर ते ट्रॉलीला उपयोगी पडते. ज्याचे अंगच गेले आहे, त्यावर रबर चढवणे म्हणजे कुजलेल्या वाशावर नवे कौल घालणे. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना मात्र रबर चढवलेले टायर वापरू नये. सुकाणू त्या चाकांवर आहे. ते फुटले तर ट्रॅक्टर कोठे जाईल हे चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आणखी एक पथ्य आहे. एकाच आसावर एका बाजूला नवे आणि दुसऱ्या बाजूला झिजलेले टायर लावू नये. रेडियल आणि साधे नायलॉनचे टायरही एका आसावर जोडू नये. एक बैल उंच आणि एक बुटका जुंपला तर जू कसे कलते, तसेच येथे होते.

हवा आणि नक्षीची दिशा

टायरचा खरा शत्रू दगड नव्हे, कमी हवा. कमी हवेत बाजू सारखी दुमडते, आत उष्णता वाढते आणि एके दिवशी टायर फाटते. उलट जास्त हवा भरून शेतात गेलात तर चाक जागीच फिरते व डिझेल जळते. आपल्याकडच्या मध्यम ट्रॅक्टरसाठी मागच्या चाकांत शेतकामाला साधारण १२ ते १४ पौंड व रस्त्यावर ओढकामाला १६ ते २० पौंड, आणि पुढच्या चाकांत २६ ते ३० पौंड हवा चालते. नेमका आकडा मात्र तुमच्या पुस्तिकेतला धरावा. ट्रॉलीच्या चाकांची हवा टायरवर छापल्याप्रमाणे ठेवावी. हवा सकाळी, चाक गार असताना मोजावी. थंडीत हवा आकसते, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे कमी भरते. हवा मोजण्याचा गेज घरी असावा. लाथ मारून हवा कळत नाही.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर बाणासारखी नक्षी असते. चाकाच्या वरच्या भागाकडे मागून पाहिले असता बाणाचे टोक पुढे, इंजिनाकडे, असले पाहिजे. असे असले म्हणजे चिखल बाहेर फेकला जातो. उलट बसवले तर चिखल नक्षीत भरतो आणि चाक घसरते. पंक्चर काढताना चाके उलटसुलट होतात, म्हणून बसवून झाल्यावर एकदा मागे उभे राहून पाहावे. टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही असतो.

रस्त्यावर गेल्यावर

टायर चांगले असले तरी त्याला चमत्कार करता येत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टर थांबू पाहतो तेव्हा मागचे वीस टन त्याला ढकलत असतात. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. न्यूट्रल करून उतार उतरणे म्हणजे दावे सोडून मस्तवाल बैल गल्लीत सोडणे आहे. डावा व उजवा ब्रेक जोडणारी खिट्टी रस्त्यावर आल्याबरोबर लावावी. ती मोकळी राहिली आणि एकच ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर गर्रकन एका अंगाला फिरतो.

रानातून डांबरीवर चढण्याआधी पाच मिनिटे थांबून फावड्याने चाकांचा चिखल काढावा. तो चिखल तुमच्या ट्रॅक्टरला काही करणार नाही, पण मागून येणाऱ्या मोटारसायकलला आडवे करील.

चाक बदलायची वेळ आली तर ट्रॉली रस्त्याच्या पार कडेला घ्यावी. मागे लाल रिफ्लेक्टर असावा, दिवा लावावा आणि एक माणूस बॅटरी घेऊन मागे उभा करावा. चाकाला दगड लावावे लागतात. काम झाले की ते दगड उचलून कडेला टाकावेत. आपल्या रस्त्यांवर असे सोडून दिलेले दगड मी शेकडो वेळा पाहिले आहेत. ट्रॉली निघून जाते, दगड अंधारात वाट पाहत राहतो, आणि त्यावर कोणाचा तरी कर्ता मुलगा आदळतो. दगड उचलायला अर्धे मिनिटही लागत नाही.

ट्रकच्या टायरचे चाक असेल तर त्याला बाजूने एक लोखंडी कडी बसवलेली असते. हवा भरताना ती नीट बसलेली नसेल तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते आणि माणूस जागीच जातो. असे चाक घरी खोलू नये. पंक्चरवाल्याकडेही हवा भरताना त्याच्या समोर कोणी उभे राहू नये, पोरांना तर जवळही येऊ देऊ नये. खोलण्याआधी सगळी हवा काढलीच पाहिजे. चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आवळावेत आणि पहिली खेप झाल्यावर पुन्हा एकदा आवळावेत.

पत्राचे उत्तर

आता आपल्या बंधूंच्या प्रश्नाकडे येऊ. माझा सल्ला असा. तीन नवी टायर घ्यावीत. तीन चांगली आहेतच, म्हणजे सहा झाली. त्यांतली दोन नवी एका आसावर आणि दोन जुनी चांगली दुसऱ्या आसावर लावून एक ट्रॉली पूर्ण धड करावी. उरलेले एक नवे स्टेपनी म्हणून बरोबर ठेवावे. दुसरी ट्रॉली पहिला पंधरवडा दारातच उभी करावी. गोटा झालेल्या पाचांपैकी ज्यांचे अंग धड आहे, तेवढ्यांवरच रबर चढवायला टाकावे. पहिले वाहतुकीचे बिल आले की त्यातून हे पैसे भागवावेत आणि चार पायांवर नीट उभी राहिल्यावरच दुसरी ट्रॉली रस्त्यावर आणावी.

यात एका ट्रॉलीच्या पंधरवड्याच्या खेपा बुडतात, हे मी जाणतो. करार दोन्ही ट्रॉल्यांचा आहे, उचल घेतलेली आहे, टोळी बसून राहील, मुकादम बोलेल. म्हणून आजच कारखान्याच्या शेतकी विभागाला व मुकादमाला सांगून ठेवावे. हंगामाच्या आधी सांगितलेले ऐकले जाते, मध्येच ट्रॉली बंद पडल्यावर कोणी ऐकत नाही. तरीही नुकसान होईल. पण एक टायर फुटून ट्रॉली उलटली तर पंधरा दिवसांच्या खेपा नव्हे, सगळा हंगाम जातो. ऊस रस्त्यावर पडतो, ट्रॉली मोडते आणि कोणी दगावले तर पुढची कित्येक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. गेलेले माणूस तर कोणत्याच बिलातून परत येत नाही. बैल गेला आणि झोपा केला, असे व्हायला नको.

हाच क्रम इतरांनीही लक्षात ठेवावा. पैसे अपुरे असतील तर आधी ट्रॅक्टरची पुढची दोन टायर, मग ट्रॉलीची, मग ट्रॅक्टरची मागची. मागची मोठी टायर झिजली तर शेतात काम रेंगाळते. पुढचे किंवा ट्रॉलीचे टायर गेले तर अपघात होतो.

हंगाम संपल्यावर ट्रॉली उन्हात तशीच सोडू नका. आसाखाली लाकडी ओंडके देऊन चाके जमिनीपासून उचलावीत, वर जुनी पोती किंवा ताडपत्री टाकावी. डिझेल, ऑइल रबरावर सांडू देऊ नये. एवढ्याने टायरचे आयुष्य नक्की वाढते.

घरातील भगिनींना एक विनंती. मुलांनी टायरचे आकडे उतरवलेली वही तुमच्या ताब्यात ठेवा. कोणते टायर केव्हा घेतले, हवा केव्हा तपासली, याची नोंद तीत होऊ द्या. आणि रात्रीची खेप निघण्याआधी विचारा, "हवा पाहिली का? झोप झाली का?" घरधन्याला राग आला तरी हरकत नाही. तो सकाळी घरी परतला म्हणजे झाले.

पुढील खेपेस खोडवा उसातील पाचट जाळावे की राखावे, याविषयी आलेल्या पत्रांना उत्तरे देईन. तोपर्यंत हंगाम सुखाचा जावो.